पलटणीच्या मारुतीची अदलाबदल

१

"मॅडम, तुमचा मारुती बदललाय."

देवळाच्या ठेंगण्या दारातून डोकं बाहेर काढून सलील गद्रे हे म्हणाला, तेव्हा शलाका खाली करधईच्या झाडाची गोष्ट सांगत होती. हवेत नुसता ओलावा आला तरी हे झाड पालवतं, ही तिची आवडती गोष्ट. ती अर्ध्यात तोडावी लागल्याचा तिला राग आला. सलील पुण्याहून बदली होऊन झाशीच्या रेल्वेत आलेला. तिच्या रविवारच्या सहलींना तो न चुकता यायचा आणि न चुकता काहीतरी खुसपट काढायचा.

"बदललाय म्हणजे काय?"

"म्हणजे सकाळी होता तो नाहीये. दुसरंच कुणीतरी बसलंय."

शलाका हसत पायऱ्या चढली, उंबरठ्यापाशी वाकली, आणि तिचं हसू मावळलं.

पहूज नदीच्या काठचं हे सेमरी वनउद्यान तिच्या रोजच्या पायाखालचं. सकाळी आधी पक्षी, मग झाडं, मग हे देऊळ, असा तिच्या सहलीचा ठरलेला क्रम. देऊळ मराठी पलटणीने बांधलं, असं झाशीतली जुनी मराठी घरं सांगत आली. आतला मारुती म्हणजे शेंदराचा गरगरीत गोळा. नाक नाही, हात नाहीत, शेपटीचा तर पत्ताच नाही. वर दोन चांदीचे डोळे चिकटवलेले. सकाळी त्या गोळ्यापुढे सगळ्यांनी हात जोडले होते. पुरुष आत गेले आणि ती रिवाजाप्रमाणे सहलीतल्या शकुंतलाकाकूंबरोबर उंबरठ्याबाहेर उभी राहिली. मारुतीला बायकांनी शिवायचं नसतं, हे तिला लहानपणापासून पाठ.

आता त्या जागी हातभर उंचीची काळसर मूर्ती होती. बारीक कंबर, गळ्यात दगडी माळा, किंचित कललेली मान. मांडीवर आणि पायांशी शेंदराची जाड ढेकळं थापलेली, वर मात्र स्वच्छ कोरीव दगड.

शलाका क्षणभर घुटमळली. मग मारुतीच नाही तर आत जायला हरकत कसली, असं स्वतःला सांगून ती आत शिरली. तिच्या मागोमाग गोविंदराव आंबेकर काठी आपटत आले. त्यांच्या खापरपणजोबांनी या मारुतीची स्थापना केली, हे ते दर सहलीत सांगत, ऐकणारे तेच असले तरी.

"माझा मारुती कुठे गेला?" ते ओरडले. "अरे, माझा मारुती कुणी नेला?"

एवढ्यात खाली जीप थांबली. ओरडा ऐकून रेंजर इंदू बघेल वर आल्या, दाराशी वाकून त्यांनी आत पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला.

"इस मंदिर की चाभी किसके पास रहती है?"

सगळ्यांच्या माना एकदम नीरजकडे वळल्या.

२

नीरज झाशीजवळच्या मोठ गावचा. या उद्यानात कंत्राटावर रखवालदार, आणि शलाकाच्या सहलींचा उजवा हात. कुठल्या झाडावर घुबड बसलंय आणि कुठल्या वाटेवर रात्री तरस फिरलं, हे तो सकाळी दारातच सांगायचा. त्याचा मूळचा सावळा चेहरा आता राखेसारखा झाला होता.

त्याला कारण होतं. आधी तो दुसऱ्या एका जंगलात कामाला असताना तिथली मूर्ती चोरीला गेली होती. नीरजकडे काही सापडलं नाही, तरी पोलिसांनी त्याला कित्येक दिवस बसवून ठेवलं आणि नोकरी गेली ती गेलीच. ही नोकरी त्याला शलाकाने खटपट करून मिळवून दिली होती.

इंदू बघेल यांना संशय घ्यायला फार वेळ लागत नसे. "मूर्ति बहुत पुरानी है," त्या शलाकाला बाजूला घेऊन म्हणाल्या. "कहीं से चुराकर यहाँ छुपाई है। ऊपर से सिंदूर पोत देते, किसी को शक न होता। काम आधा हुआ और आप लोग लौट आए। आपका पत्थर तो नदी में गया समझिए।"

शलाकाला हे पटत होतं आणि पटतही नव्हतं. मांडीवरची ढेकळं पाहिली की पटायचं. नीरजकडे पाहिलं की नाही.

"हमने कछू नईं करो, दीदी," नीरज म्हणाला. "तुमाई कसम."

"चाभी तेरे पास, दरवाज़ा खुला। किसने खोला?"

नीरजने शलाकाचं नाव घेतलं नाही, म्हणून तिला आणखीच वाईट वाटलं. "मीच... मैंने कहा था, मैडम," ती म्हणाली. "सकाळी, मतलब सुबह, मैंने ही कहा कि खुला रहने दो, लौटते में फिर दर्शन करेंगे।"

"और ये?" रेंजरबाईंनी नीरजच्या चौकीतून आणलेलं पोतं पुढे टाकलं. त्याला शेंदराचे डाग होते.

"हर मंगल को हमईं तो सेंदुर चढ़ाउत हैं!" नीरज रडकुंडीला आला. "बोरी में डिब्बा ल्याउत हैं, तेल ल्याउत हैं।"

रेंजरबाईंनी पोलिसांना फोन लावला होता. दुपारपर्यंत ते शहरातून येतील, तोवर कुणी हलायचं नाही, असा हुकूम झाला. एकदा पोलिसांच्या जीपमध्ये बसला की नीरज या वेळी सुटणार नाही, हे तिथे सगळ्यांना कळत होतं. मागचं प्रकरण त्याच्या नावाला चिकटलेलं होतंच.

धुकं अजून विरलं नव्हतं. पायरीवर शकुंतलाकाकू हातांची घडी घालून थरथरत बसल्या होत्या. ओरछा गेटच्या गल्लीत राहणाऱ्या काकू, नवरा रेल्वेत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. सगळ्यांसाठी गुळपोळ्या करून आणायच्या म्हणून त्या सहलीत सर्वांच्या लाडक्या. शलाकाने आपली शाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकली.

"काकू, घाबरू नका. काही होत नाही."

"त्या पोराला धरून नेणार का गं?" काकूंनी विचारलं. त्यांनी वर पाहिलं नाही.

"नेतील असं दिसतंय."

काकूंनी शाल घट्ट ओढून घेतली. शलाका उठली. पोलीस यायच्या आत काहीतरी शोधायचं तर आता बसून भागणार नव्हतं, आणि काय शोधायचं हे तर तिला मुळीच कळत नव्हतं.

३

तिने सुरुवात सलीलपासून केली. सकाळी दर्शन झाल्यावर सगळे नदीकाठी फराळाला बसले होते, तेवढाच काय तो मधला वेळ. त्या वेळात सलील दिसला नव्हता, आणि त्याच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत लहानसं मूल मावलं असतं.

"मी लव्हाळ्यात होतो. खंड्याचे फोटो काढत," सलील म्हणाला. न विचारताच त्याने पिशवी उघडून दाखवली. "माझ्यावर संशय? अहो मॅडम, तुमच्या त्या मारुतीला शिल्प म्हणून काडीची किंमत नव्हती. न्यायचंच असतं तर मी ही नवी मूर्ती नेली असती. जुना दगड नेऊन ही ठेवून जायला मी काय खुळा आहे?"

बोलणं उद्धट होतं, पण बरोबर होतं. ही मूर्ती मोलाची, आणि गेलेला दगड बिनमोलाचा. चोर घेऊन जातो, देऊन जात नाही.

मग त्या दगडाची किंमत कुणाला होती? शलाकाची नजर गोविंदरावांकडे गेली. ते देवळामागच्या पिंपळाखाली बसून पुटपुटत होते. हा मारुती जंगलात बेवारस पडलाय, एक दिवस उचलून बडा बाजारातल्या घरी नेईन, हे त्यांचं जुनंच पालुपद.

"काका, फराळाच्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"झोपलो होतो. तुझ्या समोर! घोरत होतो म्हणून तूच हसलीस ना, बेटा?"

हसली होती खरी. पण मग चहा भरायला ती वळली, आणि त्यानंतर कोण घोरत होतं नि कोण नव्हतं, हे तिने कुठे पाहिलं होतं? नीरज कुंपण बघायला गेला होता. काकू फोनला रेंज मिळते का ते पाहायला देवळाच्या टेकाडावर गेल्या होत्या. सगळेच विखुरलेले होते.

ती पुन्हा देवळात शिरली. मोबाइलच्या उजेडात कोपरा न् कोपरा पाहिला. मूर्तीच्या मागे फरशीवर शेंदराचे खडे सांडले होते, चुना पडावा तसे. एक उचलून तिने नाकाशी नेला. जुन्या, खवट तेलाचा वास. आणि मग डाव्या हाताच्या कोनाड्यात तिला काहीतरी चमकलं.

झेंडूची दोन फुलं ठेवलेली होती आणि त्यांवर मारुतीचे चांदीचे डोळे. फेकलेले नव्हते. नीट, शेजारी शेजारी मांडलेले होते.

चांदी तशीच ठेवून जाणारा चोर नसतो. देवाचे डोळे फुलांवर ठेवणारा माणूस भाविक असतो. आणि या सगळ्यांत भाविक पुरुष एकच.

बाहेर येऊन तिने मूठ गोविंदरावांपुढे उघडली. डोळे पाहताच म्हातारा उठून उभा राहिला.

"कुठे मिळाले?"

"कोनाड्यात. काका, खरं सांगा. तुम्ही ठेवलेत?"

गोविंदरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी मारुती नेला असता, तर त्याला आंधळा करून नेला असता का गं?"

ते खोटं बोलत नव्हते. शलाकाला त्यांच्यापुढे स्वतःचीच लाज वाटली, आणि आता तर तिच्या हाती काहीच उरलं नाही. दूर रस्त्यावर हॉर्न वाजला.

४

पण ती पोलिसांची जीप नव्हती, लाकडांचा ट्रॅक्टर होता. शलाका पळतच परत आत गेली आणि मूर्तीसमोर मांडी घालून बसली. आजवर ती लोकांना एकच गोष्ट शिकवत आली होती: नाव आठवत नसेल तर नावाच्या मागे लागू नका, समोर काय आहे ते बघा. तेच आता स्वतः करायचं तिने ठरवलं. मारुती नाही, देवी नाही, चोरी नाही. समोर काय आहे?

समोर एक दगडी बैठक होती, मूर्तीच्याच अखंड दगडातून कोरलेली. बैठकीच्या कोपऱ्याला एक मूळ वेढून गेलं होतं.

ते बाहेरच्या पिंपळाचं होतं. मागच्या भिंतीच्या फटीतून आत शिरून, बैठकीच्या कोरीव पानांवरून वळून ते फरशीत उतरलं होतं. अंगठ्याएवढं जाड. शलाकाने गवताची काडी घेऊन मूळ आणि दगड यांच्यामध्ये सारायचा प्रयत्न केला. काडी वाकली, आत शिरली नाही. मुळाची साल दगडाच्या नक्षीत रुतून बसली होती.

मूर्ती घाईघाईत आणून ठेवता येते. पण पिंपळाचं मूळ काही आपण होऊन घाईघाईत तिच्याभोवती वळत नाही. ही मूर्ती इथे आजची नव्हती. शलाकाच्या वडिलांच्या, आजोबांच्या वेळची होती. मग ती आजपर्यंत कुणाला दिसली का नाही?

तिने फरशीवरचा एक मोठा खडा उचलून मोडला. आत पदर होते. शेंदरी, मग तपकिरी, मग काळसर, मग पुन्हा शेंदरी. दर मंगळवारचा एक हात, नीरजचा, त्याच्या आधीच्या रखवालदाराचा, त्याच्या आधी गोविंदरावांच्या घरच्यांचा. तेलात कालवलेल्या शेंदराची पिढ्यान्पिढ्यांची जाड खोळ.

काही आलंच नव्हतं. काही गेलंही नव्हतं. आतला देव बसला होता तिथेच होता, फक्त त्याच्या अंगावरची खोळ सुटली होती!

नीरज सुटला, असं तिला वाटलं, आणि पुढच्याच क्षणी ती पुन्हा गोंधळली. खोळ सुटली तर सुटली. ती गेली कुठे? कुणीतरी तुकडे गोळा करून नेले होते, डोळे फुलांवर ठेवले होते, आणि नंतर तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. का? सलीलच्या हातून सुटली असती तर त्याने फोटो काढून जगभर पाठवले असते. गोविंदरावांनी चमत्कार झाला म्हणून नाचायचंच बाकी ठेवलं असतं. नीरज तिच्याकडे धावत आला असता. यात लपवण्यासारखं होतं काय?

विचार करता करता तिने मूर्तीच्या मांडीवरचं सुटं ढेकूळ बोटाने हलवलं. ते गळून पडलं. आतून एक इवलंसं दगडी पाऊल बाहेर आलं.

शलाकाने हात मागे घेतला. मूर्तीच्या मांडीवर मूल होतं, म्हणजे ही बाईची मूर्ती होती. आणि हात मागे घेता घेता तिला कळलं की सकाळपासून आपण कुणाला वगळलं. रेंजरबाईंनीही वगळलं होतं, सगळ्यांनीच वगळलं होतं. मारुतीला जिने शिवायचंच नव्हतं, तिच्यासाठी लपवण्यासारखं होतंच की. नुसता हात लागला हाच गुन्हा. काकू टेकाडावर गेल्या होत्या. सकाळी निघताना काकूंच्या अंगावर त्यांची स्वतःची शाल होती, जाड, राखाडी, आणि एवढ्या धुक्यात ती अंगावरून काढून ठेवायला काहीही कारण नव्हतं.

या वेळी हॉर्न पोलिसांचाच होता.

५

"काकू, तुमची शाल कुठे आहे?"

शकुंतलाकाकूंनी एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा सगळा धीर सुटला.

"नदीत," त्या म्हणाल्या. "त्यातच बांधून सोडलं गं. भंगलेला देव ठेवत नाहीत ना."

"तुम्ही आत का गेलात?"

"जाईसाठी." जाई म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. ग्वाल्हेरच्या इस्पितळात बाळंतपणासाठी ठेवलेली. दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा मूल हाती लागलं नव्हतं. "फोन लागला. ती नुसती रडत होती. डॉक्टर म्हणे काही सांगत नाहीत. दार उघडं होतं. मला काय सुचलं कोण जाणे, मी आत गेले आणि मारुतीला मिठी मारली. म्हटलं, तू ब्रह्मचारी, तुला शिवू नये, पण आज मला दुसरं कुणी नाही. आणि तो... तो माझ्या हातात फुटला गं, बेटा. तोंडच हातात आलं."

"आत काही दिसलं नाही तुम्हाला?"

"काळं काळं दिसलं. मोतीबिंदूने आधीच सगळं धूसर, त्यात माझे डोळे मिटलेले. चाचपून तुकडे गोळा केले, डोळे हाताला लागले ते ठेवले. मग तुम्ही सगळे ओरडायला लागलात, दुसरा देव आला, दुसरा देव आला. मला काहीच उमगेना. मी तर एक फोडला, मग दुसरा आला कुठून? वाटलं, माझ्यामागून खरंच कुणी चोर येऊन गेला. आणि मी बोलले असते तर..." त्या थांबल्या. "बोलले असते तर ते खरं झालं असतं. मी मुलासाठी मागायला गेले आणि देवच भंगला. त्याचा अर्थ मला ठाऊक होता. तो मोठ्याने कसा बोलू?"

खाली पोलीस उतरत होते. नीरज हात बांधून उभा होता, कुणी सांगितलेलं नसताना.

काकूंनी ते पाहिलं. पदराने तोंड पुसलं, शलाकाच्या खांद्याचा आधार घेतला, पायऱ्या उतरून थेट इंदू बघेल यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मराठीत अडखळणाऱ्या काकू हिंदीत एकदाही अडखळल्या नाहीत.

"उसे छोड़ दीजिए। मैंने तोड़ा है। मुझे ले चलिए।"

पुढचं शलाकाने सांगितलं. सगळ्यांना आत नेऊन मूळ दाखवलं, काडी सारायला लावली, शेंदराचे पदर उलगडून दाखवले. हवालदाराने स्वतः काडी घालून पाहिली आणि मान हलवली. सलीलनेही काडी मागून घेतली. गोविंदराव मूर्तीकडे टक लावून बघत होते. आपल्या खापरपणजोबांनी स्थापना केली ती मारुतीची नव्हेच, त्याच्याही आधीपासून इथे कुणी बसलेलं होतं, हे पचवायला त्यांना वेळ लागणार होता.

"चोरी हुई ही नहीं," इंदू बघेल शेवटी म्हणाल्या. नीरजच्या पाठीवर हात ठेवायला त्यांना संकोच वाटला, पण त्यांनी ठेवला. "जा, सबके लिए पानी ले आ।"

नीरज पाणी आणायला धावला. हसतोय की रडतोय, त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

शकुंतलाकाकू अजून बाहेरच होत्या. उंबरठ्याकडे पाठ करून.

"काकू, आत या," शलाका म्हणाली.

"नको गं. झालं तेवढं पुरे झालं."

"तो मारुती नाहीये, काकू. कधीच नव्हता. बाई आहे. लेकुरवाळी. एवढी वर्षं शेंदराच्या आत मूल मांडीवर घेऊन बसलेली आहे. काही भंगलं नाही. तुम्ही या आणि बघा."

काकू वळल्या. वाकून आत आल्या आणि मूर्तीच्या अगदी जवळ चेहरा नेऊन, डोळे बारीक करून पाहत राहिल्या. ते कललेलं तोंड, तो मुलाला धरलेला हात, ते पाऊल.

"हिला हात लावला तर चालतो ना गं?"

शलाकाने रेंजरबाईंकडे पाहिलं. पुरातत्त्ववाले येईपर्यंत मूर्तीला कुणी शिवायचं नाही, असा नियम होता आणि इंदू बघेल नियमाच्या पक्क्या. त्या क्षणभर उभ्या राहिल्या, मग हवालदाराशी काही बोलायचं राहिलं होतं म्हणून बाहेर निघून गेल्या.

काकू गुडघ्यांवर बसल्या. पदराच्या टोकाने त्यांनी दगडी मुलाच्या डोक्यावरचा शेंदूर हळूहळू पुसून काढला, कानामागचासुद्धा. मग मूर्तीच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी जाईचं नाव सांगितलं, ग्वाल्हेरचं इस्पितळ सांगितलं, आणि चुकामूक होऊ नये म्हणून वॉर्ड कुठल्या जिन्यावरून लागतो, तेही नीट समजावून सांगितलं.